पुरुष रुग्णालाही पडदा हवा : शरियत आणि कायदा काय सांगतो

अम्मीला किंवा बहिणीला दवाखान्यात नेलं की आपण आधी विचारतो, लेडी डॉक्टर आहेत का? अब्बांना लघवीची नळी बसवायची असली की मात्र ‘पुरुषाला कसली लाज’ म्हणून पडदा अर्धाच ओढला जातो. या लाजेपायीच हायड्रोसिल, मूळव्याध, प्रोस्टेटचा त्रास कितीतरी बुजुर्ग अंगावर काढतात, घरात कुणाला सांगतही नाहीत.

सतर पुरुषालाही आहे. बेंबीखालपासून गुडघ्यापर्यंतचा भाग दुसऱ्या पुरुषापासूनही झाकायचा असतो. हनफी मसलकात गुडघाही सतरमध्ये धरतात. कोकणातले आपले शाफई भाऊ धरत नाहीत. इलाजासाठी सतर उघडणं जायज आहे, पण गरजेपुरतंच. जेवढा भाग तपासायचा तेवढाच, तेवढ्याच वेळेपुरता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांना ही सूट नाही.

आता कायदा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा केला, त्यात १७ हक्क होते. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. पुरुष रुग्णासाठी असं वेगळं वाक्य नाही. म्हणून हक्कच नाही असं समजू नका, कारण खासगीपणा आणि सन्मान हा हक्क सर्व रुग्णांचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तोही स्त्री-पुरुष दोघांसाठी. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. नगरला असो की श्रीरामपूर-संगमनेरला, भिंतीवर ती आहे का, बघा.

मागायचं कसं? नर्ससाहेबांना आधीच सांगा: “सिस्टर, नळीसाठी ब्रदर किंवा वॉर्डबॉय मिळतील का? नसतील तर पडदा पूर्ण ओढा, चादर द्या.” ऑपरेशनआधी केस काढणं, एनिमा, ड्रेसिंग या वेळीही हेच. बहुतेक सिस्टर ऐकतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नये. ब्रदर मिळतीलच याची हमी नाही, पडद्याला मात्र नकार देण्याचं कारण नाही. ऐकलंच नाही तर रुग्णालयाच्या तक्रार कक्षात लेखी द्या, नंतर महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्हा शल्यचिकित्सक.

अपघात, हार्ट अटॅक, लघवी तुंबणं अशा वेळी मात्र समोर जो डॉक्टर किंवा सिस्टर असेल त्यांना काम करू द्या. ब्रदरची वाट बघत बसू नका.