रनिंग-इन आणि डिस्क ब्रेक : हुबळी-धारवाडची दुचाकी

रनिंग-इन : नव्या किंवा नव्याने बोअर केलेल्या इंजिनाचे भाग एकमेकांवर नीट बसेपर्यंतचा काळ. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगने तिरकस बारीक रेघा मारलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांची टोके घासून सपाट करतात आणि भिंतीला घट्ट बसतात. रिंगेला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः जळणाऱ्या वायूचा दाब. म्हणून इंजिनावर बेताचा भार हवाच. अगदी हळू, एकाच वेगाने गाडी रेटत राहिल्यास भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन पुढे ऑइल खाऊ लागते. पहिल्याच आठवड्यात ताणल्यास पिस्टन पकडण्याची भीती.

या कामाला हुबळी-धारवाड जुना रस्ता उत्तम. उणकल, नवनगर, रायापूर, सत्तूर करत जाणारा हा सुमारे 20 किमीचा पट्टा. सिग्नल, थांबे आणि उंचावरच्या धारवाडकडे चढण. गिअर बदलत राहावेच लागतात. गब्बूर ते नरेंद्र क्रॉस बायपासवर मात्र एकाच वेगाने धावण्याचा मोह होतो. नवी गाडी तिकडे नेऊ नये. रनिंग-इनची वेगमर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते, ती पाळावी. पहिले सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना 500 ते 1000 किमीच्या आत सांगतात. सुरुवातीच्या घर्षणाने सुटलेला धातूचा बारीक कीस तेव्हा जुन्या ऑइलबरोबर बाहेर पडतो, म्हणून हे सर्व्हिसिंग चुकवू नये.

डिस्क ब्रेकबाबत गैरसमज फार. गॅरेजात गाडी लावून ‘डिस्क आवळून द्या’ म्हणणारे अनेक. पण हायड्रॉलिक डिस्कला आवळायचा नट नसतो. पॅड झिजत जातो तसा कॅलिपरमधला पिस्टन आपोआप पुढे सरकतो आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी खाली येते. पातळी उतरलेली दिसली की ऑइल ओतण्याआधी पॅड पाहावेत. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल, तर नळीत हवा शिरलेली असते. ती काढून घ्यावी. नट फिरवून जुळवायचा तो मागचा ड्रम ब्रेक, तोही पेडलला पुस्तिकेत दिलेली ढील ठेवून.

नव्या पॅडनाही बसायला वेळ लागतो. पहिले काही शे किलोमीटर मध्यम वेगातून हळूहळू दाबून गाडी थांबवावी, करकचून नव्हे. पावसाळ्यात हुबळीच्या पूर्वेकडची काळी माती कॅलिपरमध्ये चिकटून वाळते. चाक साध्या पाण्याने धुवावे, चकतीला ऑइल किंवा पॉलिश लागू देऊ नये.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. अंकोल्याकडे जाताना अरबैल घाटात सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते उकळते, नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत जातो. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी कितीही कमी चाललेली असो.