मालमोटारींचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला की आमच्या मंठाळच्या बाजूच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम कल्याणी उभी राहते. चालुक्यांची राजधानी, बसवेश्वरांचा अनुभवमंटप, किल्ल्याचे बुरूज आणि शेतातील बांधावर आडवे पडलेले शिलालेख ही आमची परिचित दैवते होत. त्यांचे स्मरण योग्यच आहे. परंतु ज्या वाहनांनी गेल्या शंभर वर्षांत आमच्या तुरीची पोती बाजारात नेली, घराला लागणारे लोखंड आणि सिमेंट आणले व दुष्काळात धान्य पोहोचवले, त्या मालमोटारींचे स्मरण मात्र कोणीही ठेवत नाही. राजाचा घोडा चित्रात शिल्लक राहतो. ओझ्याचा बैल कोणी रंगवीत नाही. मालमोटारीचे नशीब त्या बैलासारखेच आहे. म्हणून तिच्या इतिहासाविषयी, आणि मोडीत निघालेली जुनी मालमोटार पुन्हा उभी करण्याचा छंद बाळगणाऱ्या माणसांविषयी, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या भागात पूर्वी मालाची ने-आण लमाणांचे तांडे आणि बैलगाड्या करीत. लोहमार्ग आले, परंतु ते सर्वत्र आले नाहीत. बिदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीला जाणारा लोहमार्ग पुरा होऊन त्यावरून गाडी धावण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तोवर या पट्ट्याचा खरा लोहमार्ग म्हणजे सोलापूर-हैदराबाद ही सडकच होती. त्या सडकेवर मोटारीचे युग शिस्तीने सुरू झाले ते निजामाच्या काळी. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपले मार्ग-वाहतूक खाते उघडले, तेव्हा त्याच्याजवळ २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. खाजगी बसवाल्यांच्या त्या जमान्यात सरकारी रेल्वेनेच सडकेवर गाड्या चालवाव्यात, ही हिंदुस्थानात नवलाची गोष्ट होती.

त्या गाड्यांत स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातील अल्बियन कारखान्याच्या गाड्या होत्या. १८९९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याचे चिन्ह उगवता सूर्य हे होते. १९५१ साली तो लेलँड कंपनीने घेतला आणि पुढे ते नावही मावळले. तथापि १९३२ च्या सुमाराची एक अल्बियन बस हैदराबादेत जपून ठेवण्यात आली आणि लोकांना दाखविण्यात आली. तिच्याबरोबरच्या इतर गाड्यांचे काय झाले, हे सांगावयास जाणत्याची गरज नाही. त्या भंगारात गेल्या. एका गाडीला स्मारकाचा मान मिळाला आणि बाकीच्या वितळून कोणाच्या तरी घराची सळई झाल्या. प्रवासी गाडीची ही कथा. मालमोटारीला तर एवढेही भाग्य लाभले नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर मालमोटारींचा दुसरा मोठा लोंढा आला. कॅनडातील फोर्ड आणि शेव्हरोले या कारखान्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठी एका ठराविक नमुन्याच्या चार लाखांहून अधिक गाड्या बांधल्या होत्या. आखूड नाक, बसके कपाळ आणि उजव्या हाताला चक्र अशी त्यांची ठेवण असे. युद्ध सरल्यावर लष्कराला नको झालेली अशी वाहने लिलावात निघाली आणि नागरी मालकांच्या हाती आली. लष्करी हिरव्या रंगावर निळा-तांबडा रंग चढला, मागे लाकडी हौदा बसला, आणि काल तोफ ओढणारी गाडी आज कांदे ओढू लागली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या एस. टी. ची पहिली बस धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. म्हणजे स्वतंत्र भारताची सडक आरंभी परदेशी चाकांवरच चालत होती.

स्वदेशी बांधणीला वेग आला तो पुढील दशकात. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. लांब नाकाच्या त्या गाडीच्या तोंडावरील तीन टोकांची चांदणी पुष्कळांच्या स्मरणात असेल. १९६९ साली तो करार संपला आणि चांदणीच्या जागी टाटांचे अक्षर आले. मद्रासला १९४८ साली निघालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ साली अशोक लेलँड झाले. जर्मनीच्या एम. ए. एन. कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून 'शक्तिमान' ही लष्करी मालमोटार तयार होऊ लागली. तिची बांधणी १९९६ साली थांबली. याच काळात आमचा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातून १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली. परंतु सडकेवरून जाणारी मालमोटार तीच राहिली आणि तिचा मिस्त्रीही तोच राहिला.

एवढ्या हजारो गाड्या बांधल्या गेल्या, तर मग आज त्यांतल्या जुन्या गाड्या दिसत का नाहीत? याचे कारण मालमोटारीच्या धर्मातच आहे. सुखाची मोटार जुनी झाली तर मालक तिच्यावर आच्छादन घालून ती वाड्यात ठेवतो. मालमोटार ही पोट भरण्याचे साधन असते. तिचे एंजिन खचले की दुसरे बसते, धुरा मोडला की दुसऱ्या गाडीचा येतो, हौदा कुजला की नवा होतो. अखेर दुरुस्तीचा खर्च कमाईहून अधिक झाला म्हणजे गाडी मोडली जाते. आमच्या बसवकल्याणचे ऑटोनगर हे या जीवनचक्राचे दर्शन घडविणारे स्थान आहे. तेथे मालमोटारी दुरुस्त होतात आणि मोडल्याही जातात. एका अंगणात हौद्यावर नवी नक्षी चढत असते आणि शेजारच्या अंगणात वायूच्या ज्योतीने दुसऱ्या गाडीचा सांगाडा कापला जात असतो.

पाश्चात्य देशांतील काही हौशी मंडळींना ही हानी लवकर ध्यानात आली. इंग्लंडमध्ये १९५८ साली जुन्या व्यापारी वाहनांच्या चाहत्यांनी आपला संघ काढला आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मालमोटारींची यात्रा सुरू केली. अमेरिकेत १९७१ साली मालमोटारींच्या इतिहासाची संस्था निघाली. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ १९६६ साली स्थापन झाला होता. त्याने २०१३ मध्ये ट्युरिन येथे एक सनद मान्य केली. जुने वाहन जपताना त्यातील मूळ द्रव्य शक्य तेवढे राखावे, जे नवे घालावे त्याची नोंद ठेवावी आणि नव्याला जुने म्हणून मिरवू नये, असा तिचा मथितार्थ आहे. आपल्याकडे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि तेथे जुनी चिलखती मोटारही पाहावयास मिळते. हरियाणातील तावडू येथे २०१३ साली वाहतुकीच्या वारशाचे संग्रहालय उघडले. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. पण देशाच्या विस्ताराच्या मानाने ते थोडेच आहेत.

आता हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू. वर्षानुवर्षे पावसात उभ्या असलेल्या गाडीचे एंजिन बहुधा जाम झालेले असते. नवखा मनुष्य तिला दुसऱ्या गाडीला बांधून ओढण्याची घाई करतो आणि आतील दांडे वाकवून बसतो. जाणता मिस्त्री प्रथम वरच्या तोट्या काढून प्रत्येक नळकांड्यात पातळ तेल सोडतो, काही दिवस थांबतो आणि मग हाताने दांडा हळूहळू पुढे-मागे हलवून पाहतो. जुन्या एंजिनांत फिरत्या दांड्याखाली कथील, अँटिमनी व तांबे यांच्या मिश्रधातूचा मऊ थर ओतलेला असे. तो झिजला तर बाजारात आयता मिळत नाही. पुन्हा ओतावा लागतो, आणि ओतल्यावर दांड्याला निळा रंग लावून, जेथे रंग उठेल तेथे खरवडून, अंगाला अंग बसवावे लागते. ही विद्या आज बोटांवर मोजण्याइतक्या हातांत उरली आहे.

चाकांची गोष्ट तर जिवावरची आहे. युद्धकाळातील अनेक लष्करी गाड्यांचे चाक दोन अर्ध्या भागांचे असे आणि ते भाग बोल्टांनी एकमेकांस जखडलेले असत. चाक गाडीला धरून ठेवणारे नट वेगळे आणि हे नट वेगळे. ओळख राहावी म्हणून दुसऱ्या प्रकारच्या नटांना तांबडा रंग देत. टायरमध्ये हवा असताना तांबडा नट सैल केला तर चाकाचा अर्धा भाग तोफगोळ्याप्रमाणे उडतो. वर्षांनुवर्षांच्या रंगाखाली ती तांबडी खूण झाकली गेलेली असते. म्हणून पहिला नियम असा की, चाकाला पाना लावण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी. असे नियम पुस्तकापेक्षा वडीलधाऱ्या मिस्त्रीच्या तोंडून शिष्याकडे येतात आणि म्हणूनच मिस्त्री गेला की नियमही जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. हे एकट्याचे काम नव्हे. एंजिनाला मिस्त्री हवा, पाट्यांना लोहार हवा, हौद्याला सुतार हवा, पितळी-तांब्याच्या पाण्याच्या टाकीला डाक लावणारा कासार हवा, अक्षरांना रंगारी हवा. आणि जुनी कागदपत्रे, छायाचित्रे व कारखान्याच्या पुस्तिका धुंडाळणारा एखादा वाचकही हवा. निरनिराळ्या जातींची, धर्मांची आणि भाषांची माणसे एका सांगाड्याभोवती जमतात. आमच्या सीमाभागात अशा घोळक्यात एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी नांदते. उस्ताद दखनीत हाक मारतो, लोहार कन्नडात उत्तर देतो आणि हिशेब मराठीत होतो. पाना, टामी, पाटे, बुश या शब्दांना सीमा ठाऊक नाही.

येथे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा बापाने बदलला आणि पाते नातवाने बदलले, तर ती कुऱ्हाड आजोबांची म्हणावी काय? मालमोटारीच्या बाबतीत हा केवळ शब्दांचा खेळ नाही, कारण कायद्यानेही तो विचारला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, खाजगी वापराचे, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, कवच किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन त्यांत बसते. परंतु ही सवलत दुचाकी आणि लहान प्रवासी मोटार यांनाच दिलेली आहे. मालमोटारीचे नाव त्यांत नाही. दुसरीकडे, पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणण्याचा नियम झाला.

जुन्या धूर ओकणाऱ्या गाड्या रोजच्या सडकेवर राहू नयेत, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. मुलांच्या फुप्फुसांपेक्षा लोखंड मोठे नाही. पण रोजच्या वापरातून निवृत्त होणे वेगळे आणि समूळ नाहीसे होणे वेगळे. संस्थानिकाच्या मोटारीला पुरातन म्हणून क्रमांक मिळावा आणि ज्या गाडीने तालुक्याला धान्य पुरवले तिला केवळ वजनाच्या भावाने मोजावे, यात आपल्या इतिहासदृष्टीचा दोष आहे. आपण उपभोगाची साधने जपतो आणि श्रमाची साधने विसरतो. पुढील पिढीला मग असे वाटेल की, या देशात मोटारी होत्या त्या राजेरजवाड्यांच्याच.

मिस्त्रीला जीर्णोद्धार आणि दुरुस्ती यांतील फरक सहज समजतो. दुरुस्तीत गाडी उद्या चालावी एवढाच हेतू असतो. तेथे कोणताही भाग चालतो. जीर्णोद्धारात गाडीने आपली साक्ष खरी द्यावी, हा हेतू असतो. देवळाचा जीर्णोद्धार करताना मूळ शिळा फेकून संगमरवरी फरशी बसवली तर देऊळ चकाकते, पण बोलायचे थांबते. तसेच येथेही आहे. हौद्यावरील ओरखडा, चौथ्यांदा ठोकलेला रिव्हेट, मालकाच्या नावाखाली दिसणारे आधीच्या मालकाचे पुसट नाव, या सर्वांत त्या गाडीचे चरित्र लिहिलेले असते. ते पुसून टाकणारा हात कितीही कुशल असला तरी इतिहासाचा मित्र नव्हे.

म्हणून मला एवढेच सुचवावेसे वाटते. प्रत्येक गावाला संग्रहालय शक्य नाही. पण जेथे मालमोटारी मोडल्या जातात तेथेच एखादी राखणे अशक्य नाही. कापण्यापूर्वी गाडीचा सांगाडा-क्रमांक, बांधणीचे वर्ष आणि तिच्या मालकांची हकीकत एका वहीत उतरवून घ्यावी, यास खर्च लागत नाही. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी सुट्टीत जाऊन वृद्ध मिस्त्री आणि चालक यांच्या तोंडून त्यांचे शब्द, त्यांच्या युक्त्या आणि त्यांचे प्रवास लिहून घ्यावेत. त्या मुलांपैकी पुष्कळांचे बाप याच सडकेवर रात्री जागवीत असतात. आपल्या बापाचे काम हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे त्या मुलाला एकदा कळले, की ते शिलालेखही अधिक आदराने वाचील. कारण शिलालेखाचा दगडसुद्धा कोणीतरी गाड्यावर घालूनच आणला होता.