शोकनायक : अभिजात व आधुनिक

शोकात्मिकेच्या नायकाचे पहिले शास्त्रीय विवेचन ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) काव्यशास्त्रात आढळते. हा नायक सर्वस्वी सज्जन वा दुर्जन नसावा. दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या प्रमादामुळे तो वैभवातून विपत्तीत पडावा, असे त्याचे मत. सॉफोक्लीझचा राजा ईडिपस हे त्याचे ठळक उदाहरण होय. थीब्झवरील रोगराईचे कारण शोधताना आपणच पितृघातकी आहोत, हे त्याला उमगते. तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. परंतु सत्याचा शोध अर्धवट सोडत नाही.

एकोणिसाव्या शतकात हेन्रिक इब्सेनने (१८२८–१९०६) शोकात्म संघर्ष मध्यमवर्गीय घरात आणला. नियतीची जागा आनुवंशिकता व सामाजिक संकेत यांनी घेतली. आर्थर मिलरने (१९१५–२००५) डेथ ऑफ अ सेल्समन (१९४९) ह्या नाटकात विली लोमन ह्या फिरत्या विक्रेत्याला नायक केले. आत्मप्रतिष्ठेसाठी प्राण पणाला लावणारा सामान्य माणूसही शोकनायक ठरतो, असे त्याने त्याच वर्षी एका निबंधात प्रतिपादिले. मात्र ईडिपसला लाभणारे आत्मज्ञान विलीला लाभत नाही. मुलाला विम्याची रक्कम मिळावी म्हणून मृत्यू पत्करतानाही तो यशाच्या स्वप्नातच असतो. त्यामुळे त्याचे शोकनायकत्व वादग्रस्त ठरले.

वि. वा. शिरवाडकरांच्या नटसम्राट (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर ह्या दोन्ही परंपरांना जोडतात. सर्वस्व मुलांना देऊन टाकण्याचा त्यांचा प्रमाद शेक्सपिअरच्या लीअर राजाचा आहे. राजेपण मात्र केवळ रंगभूमीवरचे, आणि दुःख सामान्य घरातील निराधार वृद्धाचे आहे.