पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर : कीथ कॉक्स यांनी सह्याद्री कसा वाचला

पालीला मुंबई-गोवा हायवेवरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. त्या रस्त्याने नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढलात की दोन-अडीच तासांत तुम्ही कोकणातून देशावर. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मला एकच गोष्ट दिसायची : खाली आमच्याकडे सगळा तांबडा जांभा, घाटात मात्र काळ्या दगडाचे एकावर एक थर. दोन्हींचं नातं काय, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. एम.एस्सी.ला कळलं की जांभा हे बऱ्याच ठिकाणी त्या काळ्या दगडाचंच कुजून झालेलं रूप आहे. पावसानं सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्याचे चिरे कापून आम्ही घरं बांधली.

पीएच.डी.साठी नाव नोंदवल्यावर मी पहिले सहा महिने फक्त जुने पेपर वाचत होतो. त्यात एक नाव सारखं यायचं : कीथ कॉक्स. दख्खनच्या ज्वालामुखीवर काम करणाऱ्या कुणालाही हे नाव टाळता येत नाही. पण त्यांचं करिअर क्रमाने वाचलं तर रिसर्चचा प्रश्न कसा तयार होतो, हे जितकं दिसतं तितकं मला मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये दिसलं नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडं मागे जाऊ. दख्खनचा बेसाल्ट आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स, मग विल्यम ब्लॅनफर्ड अशा लोकांनी त्याची वर्णनं लिहिली. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ पायऱ्या. पण पायऱ्या मोजायच्या कशा? एक थर दुसऱ्यासारखाच दिसतो. माळशेज घाटातला अमुक थर कुंभार्ली घाटात कुठे आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मोठे स्फटिक असलेले काही ठळक थर सोडले तर हातोडा मारून हाती येतो तो काळा दगड आणि काळाच दगड. शंभर-सव्वाशे वर्षं अभ्यास इथेच अडला होता.

कॉक्स यांचा जन्म १९३३ चा. त्यांची सुरुवात भारतात नाही, आफ्रिकेत झाली. आजच्या झिंबाब्वेच्या दक्षिणेला नुआनेत्सी नावाच्या भागात त्यांनी पीएच.डी.चं काम केलं. तिथे कारूचा लाव्हा आहे, दख्खनसारखाच अफाट पसरलेला, पण त्याहून बराच जुना, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे एडिंबरा आणि १९७२ पासून ऑक्सफर्ड. १९७९ मध्ये बेल आणि पँकहर्स्ट यांच्यासोबत लिहिलेलं 'द इंटरप्रिटेशन ऑफ इग्नियस रॉक्स' अजूनही आमच्या डिपार्टमेंटच्या लायब्ररीत आहे, बाइंडिंग सुटलेलं. १९८० मध्ये त्यांनी एक मॉडेल मांडलं : एवढा लाव्हा प्रावरणातून थेट वर येत नाही, तो आधी कवचाच्या तळाशी साठतो, तिथे त्यातून काही स्फटिक वेगळे होतात आणि उरलेला हलका रस वर येतो. म्हणजे जितका लाव्हा आपल्याला दिसतो, साधारण तितकाच माल खाली अडकून राहिला असणार.

हे मॉडेल तपासायला लाव्ह्याचा उभा, सलग छेद हवा. सह्याद्रीइतका सोयीचा छेद जगात फार ठिकाणी नाही, कारण इथे घाटरस्ते आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट हजार मीटरहून जास्त चढतो, आणि रस्ता कापताना दगड उघडा पडलेला असतो. कॉक्स यांनी ख्रिस हॉक्सवर्थ या ओपन युनिव्हर्सिटीतल्या सहकाऱ्यासोबत महाबळेश्वर परिसरातले नमुने तपासले. १९८४ आणि १९८५ मध्ये त्यांचे दोन मोठे पेपर आले.

त्यांनी केलं ते ऐकायला सोपं आहे. दगड कसा दिसतो हे बाजूला ठेवून त्यात काय आहे ते मोजलं : टायटॅनियम, झिर्कोनियम, बेरियम, आणि मुख्य म्हणजे स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक. रुबिडियम-८७ अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. जुन्या ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम भरपूर, त्यामुळे तिथे स्ट्रॉन्शियम-८७ चं ८६ शी असलेलं प्रमाण चढं असतं. प्रावरणातून स्वच्छ आलेल्या बेसाल्टमध्ये ते कमी असतं. मोजल्यावर घाटाचे तीन भाग पडले. मधला भाग ०.७०४ च्या आसपास, म्हणजे जवळपास निर्भेळ. खालचा बराच चढा, म्हणजे त्याच जातीचा रस, पण वर येताना वाटेत ग्रॅनाइटी कवच विरघळवून घेतलेला. सगळ्यात वरचा आणखी निराळा. त्याचं वेगळेपण कवचाच्या भेसळीनं समजावता येत नाही, त्यासाठी प्रावरणाचाच दुसरा भाग धरावा लागतो, असं त्यांनी मांडलं.

या तीन भागांना नावं दिली पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. १९८६ मध्ये बीन आणि सहकाऱ्यांनी उत्तरेकडची यादी जोडली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे. पुढे पन्हाळाही आला. आपल्या एसटीच्या पाट्यांवरची नावं जगभरच्या जर्नल्समध्ये गेली ती अशी. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दख्खनच्या वयावर दोन पेपर आले, एक झिर्कॉनवरून आणि एक आर्गॉनवरून. उद्रेकाचा जोर डायनासोर संपण्याच्या आधी होता की नंतर, यावर दोघांचं पटत नाही. पण दोघेही बोलतात ते याच थरांच्या नावांत. भांडायलासुद्धा आधी सामाईक नावं लागतात.

एक गोष्ट विशेष आवडली ती सांगतो. भेसळ जास्त म्हणजे रस जास्त निवलेला, असा सर्वसाधारण अंदाज असतो, कारण स्फटिक बनताना सुटणारी उष्णता कवच वितळवते. कॉक्स आणि त्यांचा विद्यार्थी कॉलिन डेव्ही यांना काही थरांत उलटं दिसलं : कमी निवलेला, जास्त तापलेला रसच जास्त भेसळीचा. त्यांनी १९८७ मध्ये तसंच छापलं. गरम रस भिंती जास्त खातो, एवढं साधं त्यामागचं कारण. माझे स्वतःचे आकडे पहिल्यांदा अपेक्षेच्या उलट आले तेव्हा मी दोन आठवडे 'नमुना खराब असेल' म्हणत बसलो होतो. (तो खरंच खराब होता, पिशवीवरचं लेबल पावसात धुऊन गेलं होतं. पण ते वेगळं.)

१९८९ मध्ये कॉक्स यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला, तो रसायनाचा नव्हता, नद्यांचा होता. कृष्णा महाबळेश्वरला उगवते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण ती पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. ऑरेंज नदी लेसोथोत, हिंदी महासागराच्या बाजूला उगवते आणि अटलांटिकला मिळते. ब्राझीलमध्ये इग्वासूचा उगम अटलांटिकजवळ, पण ती जाते पश्चिमेला. दख्खन, कारू, पराना, तिन्ही ठिकाणी अफाट लाव्हा आहे. कॉक्स म्हणाले, खालून वर येणाऱ्या तप्त प्लूमनं जमीन घुमटासारखी उचलली, नद्या घुमटावरून बाहेर वाहिल्या, मग खंड फुटलं आणि अर्धा घुमट आपल्याकडे उरला. कवचाच्या तळाशी अडकलेल्या मालामुळे ही उंची टिकून राहिली. १९८० चं मॉडेल इथे पुन्हा कामाला आलं.

कल्पना देखणी होती, आणि म्हणूनच धोक्याची. तिची तपासणी कोकणातल्या जांभ्यावर झाली. माइक विडोसन यांनी दोन सपाट्या पाहिल्या : पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा, आणि खाली कोकणातले आमचे सडे. जांभा तयार व्हायला सपाट, स्थिर जमीन आणि भरपूर वेळ लागतो. त्यामुळे जांभ्याची सपाटी म्हणजे जुन्या जमिनीची खूण. कोकणातली सपाटी नंतरची आहे, आणि आज नद्यांनी ती खोल चिरली आहे. पालीहून लांज्याला जाताना आंजणारीला काजळी नदी ओलांडताना बघा. वर सडा सपाट, नदी पार तळाशी. म्हणजे जांभा झाल्यानंतरही जमीन उचलली गेली आहे. १९९६ चा पेपर विडोसन आणि कॉक्स यांनी मिळून लिहिला. त्यात मुख्य भर या नंतरच्या उचलीवर आहे : धुपेनं ओझं उतरतं, तसं कवच हळूहळू वर येतं. घुमटानं सगळं एकदाच उचललं, एवढं सरळ ते राहिलं नाही. सात वर्षांपूर्वीच्या आपल्याच गाजलेल्या चित्रात फेरफार करणाऱ्या पेपरवर कॉक्स यांनी सही केली. माझ्या मते त्यांच्या करिअरमधलं हे सगळ्यात अवघड काम असावं.

ऑगस्ट १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या मल बेटाजवळ शिडाच्या होडीच्या अपघातात ते गेले.

सड्यांच्या वयाचा प्रश्न अजून चालूच आहे. जांभ्यात झिर्कॉनसारखं सोयीचं घड्याळ नसतं. वय काढायचं तर मँगनीजची खनिजं, चुंबकत्व असे आडवाटेचे मार्ग घ्यावे लागतात. माझा विषय त्यातलाच एक छोटा तुकडा आहे. पुढच्या महिन्यात, पावसाच्या आत, पालीच्या आसपासच्या दोन चिरेखाणींत वरपासून तळापर्यंत नमुने घ्यायचे आहेत. यावेळी लेबलं पेन्सिलीने लिहून पिशवीच्या आत टाकणार आहे.