नार्सिससचे तळे आणि एकोचा आवाज

'आत्मरती' हा शब्द आम्ही वर्गात नार्सिसिझमसाठी सर्रास वापरतो. मात्र गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'आत्मरति' ही ज्ञानी पुरुषाची प्रशंसा आहे. नार्सिससची रती आत्म्यावर नाही, प्रतिबिंबावर आहे.

रोमन कवी ओव्हिडने इ. स. ८ च्या सुमारास 'मेटामॉर्फसिस'च्या तिसऱ्या सर्गात ही कथा सांगितली. १८९८ साली हॅवलॉक एलिसने तिचा मानसशास्त्रात उपयोग केला. १८९९ मध्ये पाउल नेकेने संज्ञा वापरली. १९१४ मध्ये फ्रॉइडने तीवर निबंध लिहिला. १९८० साली अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात तिला व्यक्तिमत्त्वविकार म्हणून स्थान मिळाले.

या प्रवासात एको मात्र मागे पडली. जूनोच्या शापाने तिला केवळ दुसऱ्याचे अखेरचे शब्द उच्चारता येतात. नार्सिससने झिडकारल्यावर ती झिजत जाते आणि शेवटी आवाजच उरतो. आत्ममग्न माणसाच्या सहवासाचे याहून नेमके चित्र आम्हांस ठाऊक नाही. त्याला सतत कौतुक हवे असते, मतभेद त्याला अपमान वाटतो, आणि शांततेसाठी जोडीदार त्याचेच शब्द परत देऊ लागतो.

प्रत्येक स्वार्थी माणसाला विकाराचे नाव देऊ नये. निदान तज्ज्ञानेच करावे. परंतु आपले वाक्य पूर्ण करणे, मर्यादा स्पष्ट सांगणे, आप्तमित्रांशी संवाद राखणे आणि गरज पडल्यास दूर होणे, हे निदानावाचूनही करता येते. शाप एकोला होता, आपल्याला नाही.