गनशिप विमाने

मालवाहू लष्करी विमानात तोफा, मशिनगन बसवून तयार केलेली, जमिनीवरील फौजेला आधार देणारी विमाने. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात ही कल्पना रुजवली. पहिला मान डग्लस सी-४७चा; हेच आपले डाकोटा, ज्यातून १९४७ साली भारतीय जवान श्रीनगरला उतरले. अमेरिकी हवाई दलाचे कॅप्टन रोनाल्ड टेरी यांच्या पाठपुराव्यामुळे डिसेंबर १९६४मध्ये त्याचे गनशिप रूप एसी-४७ प्रत्यक्ष लढाईत उतरले.

सगळी मेख तोफांच्या दिशेत आहे. लढाऊ विमान समोर मारा करते आणि क्षणात पुढे निघून जाते. एसी-४७च्या तीन ७.६२ मिमी मिनीगन मात्र डाव्या खिडक्यांतून व दारातून बाहेर डोकावत. वैमानिक विमान डावीकडे कलवून लक्ष्याभोवती घिरट्या घाली आणि आपल्या बाजूच्या खिडकीतील दर्शकातून नेम धरी. म्हणजे नेम धरायचा तो अख्ख्या विमानाने! यामुळे एकाच जागी बराच वेळ मारा करता येई. रात्री उजेडासाठी दारातून पेटते फ्लेअर टाकत. फेब्रुवारी १९६९मध्ये विमानातच पडलेले असे धुमसते फ्लेअर विमानातील जखमी सैनिक जॉन लेव्हिटो यांनी छातीशी धरून दाराबाहेर लोटले. त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

पुढे एसी-११९ आणि हर्क्युलिस मालवाहू विमानावर आधारित एसी-१३० आली. एसी-१३०वर १०५ मिमीची हॉवित्झर तोफही चढली. मात्र संथ गती आणि अवाढव्य आकार ही दुखणी कायम राहिली. ३१ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्धातील खाफजीच्या लढाईत उजाडल्यावरही थांबलेले एक एसी-१३० क्षेपणास्त्राने पाडले गेले; आतील चौदाही जण मृत्युमुखी पडले.