खांदेरी ते विजयदुर्ग

आरे कॉलनीच्या झाडीत राहणाऱ्या आम्हाला समुद्र लांबचा. पण मुंबईजवळच्या खांदेरीची गोष्ट मात्र घरचीच वाटते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी या बेटावर तट बांधू लागले. इंग्रजांनी नाकेबंदी केली. ऑक्टोबरात दौलतखानाने आरमार घेऊन चाल केली आणि इंग्रजांचे 'डव्ह' गुराब पकडले. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांना मिळाला. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. बाजू धर्माने नव्हे, निष्ठेने ठरली. भंडारी आणि खान एकदिलाने लढले, खांदेरी टिकली.

१७५६ मध्ये मात्र पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यानंतर इंग्रजांना रोखील असे तोलामोलाचे आरमार या किनाऱ्यावर उरले नाही.